अर्धं पातेलं

आमचे मोठे दीर बोटीवर स्वयंपाकी. वर्षातला बहुतेक काळ समुद्रावर, आणि घरी आले की पाहुण्यासारखे. टॉवेल कुठे ठेवतात तेसुद्धा विचारायचे. बिचाऱ्यांचा दोष नाही, पण हे त्यांच्या मुलीला कोण समजावणार? माझी ही पुतणी कॉलेजात जायला लागल्यापासून बापाशी कामापुरतंच बोलायची.

या खेपेला कंपनीने पुढच्या सफरीचं विचारलं होतं. सोमवारी कळवायचं होतं. जाऊबाईंना वाटत होतं, पुरे झालं आता. भाऊजी म्हणायचे, "इथे माझ्यावाचून कुणाचं अडतंय?" त्या माझ्याकडे येऊन डोळे पुसायच्या आणि मी भाऊजींवर चडफडायची. एवढा बाप्या माणूस, पण रुसायला लहान पोराच्या वरताण.

रविवारी त्यांनी जाहीर केलं, आज थाई पद्धतीच्या नूडल्स. सगळं एकाच पातेल्यात, कोलंबी, माकूळ आणि शिंपल्या घालून. ओट्यावर गवती चहा, आलं, मिरच्या, नारळाचं दूध, माशाच्या सॉसची बाटली असा पसारा मांडला. जाऊबाई मदतीला गेल्या तर त्यांना हुसकावून लावलं. आणि मग काय करावं या माणसाने? पातेल्याचे कान तारेने शेगडीला बांधले.

मी म्हटलं, "भाऊजी, पळून जातंय का ते?"

"सवय गं. बोट कलंडली की सगळं अंगावर येतं."

रस्साही अर्ध्या पातेल्यापर्यंतच घेतला. बोटीवर त्याच्या वर भरतच नाहीत म्हणे. अहो, पण तिथली पातेली केवढाली आणि आमचं ते केवढं! नूडल्स मात्र घरातल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या टाकल्या. नूडल्सनी रस्सा पिऊन टाकला आणि कोलंबी पडायच्या आतच झाला गोळा. तळाला लागल्याचा वासही यायला लागला.

भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. "टाकून देतो," म्हणाले आणि तार सोडायला लागले. मला फार वाईट वाटलं. जन्मभर परक्यांना पोटभर जेवू घातलं, आणि स्वतःच्या घरी असं व्हावं.

वासाने पुतणी बाहेर आली. पातेल्यात डोकावली, तारेकडे बघितलं. केटलीत पाणी उकळलं आणि पातेल्यात ओतायला लागली. पाणी अर्ध्याच्या वर गेलं तसा भाऊजींनी तिचा हात धरला.

"सांडेल."

"नाही सांडत, बाबा. घर आहे हे."

काठाशी आल्यावर थांबली. नूडल्स सुट्या झाल्या. भाऊजींनी उरलेलं नारळाचं दूध ओतलं, कोलंबी, माकूळ, शिंपल्या सोडल्या, वर लिंबू पिळलं. सगळे जेवायला बसलो. जराशी करपट चव होती, खोटं कशाला बोलू? पण पातेलं रिकामं झालं.

जेवताना जाऊबाईंनी भीत भीत विचारलं, "मग उद्या काय कळवायचं?"

उत्तर पुतणीने दिलं. "सांगा त्यांना, बाबांना अजून घरचा अंदाज आलेला नाही. येईपर्यंत आम्ही सोडणार नाही."

भाऊजींनी आपल्या ताटातली कोलंबी उचलून तिच्या ताटात ठेवली.

"तूच कर फोन," ते म्हणाले. "मला नाही जमायचं."