दोन तेलांवर चाललेला डोझर

त्या वर्षी आमची पोस्टिंग बर्फाच्या घाटात होती. घाटाचं नाव लिहीत नाही. इंजिनियर्सची लहानशी तुकडी, एक डोझर, आणि काम एकच. रोज सकाळी रस्त्यावरचा बर्फ कापायचा. रस्ता बंद झाला की वरच्या चौक्यांचं रेशन बंद, आणि वरच्या आजारी माणसाचं खाली येणंही बंद.

मी डोझर ऑपरेटर, नायक इंगळे. शाळा सातवीपर्यंत, ती पिंपळगाव राजाला. पुढे शिकलो नाही आणि त्याचं मला दुःख नाही. मशीन माझ्या नावावर होती, आणि माझ्या मशीनला दुसऱ्यानं हात लावलेला मला चालत नसे. एक सोडून. तो सॅपर शेख करीम, साखरखेर्ड्याचा. एकाच जिल्ह्याची दोन माणसं एका डोझरवर, असं फौजेत फार कमी घडतं. त्याचे वडील शेतातली ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्त करायचे. करीम त्या शेडमध्येच वाढला. तेल दोन बोटांत चोळून कोणतं आहे ते सांगायचा.

आम्ही आपल्या वऱ्हाडी भाषेत बोललो की आमचे सुभेदार नेगी साहेब, गढवालचे, थांबून विचारायचे, "तुम दोनों लड़ रहे हो कि बात कर रहे हो?"

करीम म्हणायचा, "साब, बात कर रहे हैं. लड़ेंगे तो पूरी पोस्ट को पता चलेगा."

आता मशीनचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या डोझरला क्लचचा पेडल नव्हता. आता तुमच्या कार आल्या आहेत ना, ऑटोमॅटिक, तसंच समजा. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं. त्याच्या मागे गिअरच्या प्लेटी असतात. त्या दाबून धरणं हेही तेलाचंच काम. म्हणजे तेल तिथे नुसतं वंगण नाही, ताकद तेच पोचवतं. जाड झालं तर पोचत नाही. पातळ झालं तर प्लेटी घसरतात, घसरल्या की जळतात. म्हणून मशीनच्या पुस्तकात जे तेल सांगितलं तेच टाकायचं. आमच्या मशीनला दहा नंबर लागायचं; नंबर मोठा तितकं तेल जाड.

तेल बघायची रीतही वेगळी. इंजिनचं तेल बंद मशीनवर बघतात. हे चालू मशीनवर, गरम झाल्यावर, सपाट जागी, न्यूट्रलमध्ये. तेल मोजायची काडी पांढऱ्या कापडावर पुसायची. रंग बघायचा. वास घ्यायचा. जळक्या चिंध्यांसारखा वास आला की समजा, आत प्लेटी गेल्या. गावात मला लोक सांगतात, काका, आमच्या गाडीत आयुष्यभराचं तेल भरलेलं आहे, बघावं लागत नाही. मी विचारतो, कोणाच्या आयुष्यभराचं? गाडीच्या का तुमच्या?

मी रोज काडी बघायचो. करीम चिडवायचा.

"काऊन बे इंगळ्या, काडी पाहून राह्यला का नाडी?"

"नाडीच हाये लेका. थांबली तं तू बी थांबशीन इथीच."

रस्ते बंद व्हायच्या आधी नेगी साहेबांनी खाली मागणी दिली. ट्रान्समिशनचं तेल, दोन बॅरल. बॅरल आले. करीमनं बूच काढलं, बोट बुडवलं, वास घेतला आणि बोट माझ्या नाकापुढे धरलं. सडक्या अंड्याचा वास.

"हे नव्वद नंबर हाये. ट्रकच्या गिअरबॉक्सचं."

खाली स्टोअरला सगळी ट्रकवाली माणसं. त्यांच्या लेखी ट्रान्समिशन म्हणजे गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्स म्हणजे नव्वद नंबर. वाईट हेतू कोणाचा नव्हता. पण थंडीत ते तेल काकवीसारखं बसतं. आमच्या मशीनला ते विष होतं. नेगी साहेब वायरलेसवर बसले.

"डोझर के लिए दस नंबर चाहिए. आपने नब्बे भेजा है. ओव्हर."

"ट्रान्समिशन का माँगा, ट्रान्समिशन का भेजा. ओव्हर."

"डोझर का ट्रान्समिशन अलग होता है. ओव्हर."

"अगले कॉन्व्हॉय में देखेंगे. आउट."

पुढचा कॉन्व्हॉय आला. त्यात बटाटे होते, रॉकेल होतं, तेल नव्हतं. त्यानंतर खालचा रस्ता बंद झाला. आमच्याकडे योग्य तेल उरलं ते मशीनमध्ये होतं तेवढं, आणि वर एक जेरीकॅन.

जानेवारीत एका सकाळी आमच्या पोस्टवरून एक ट्रक वर गेला. रेशन, आणि वरच्या चौकीत जाणारे चार जवान मागे. पुढे ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार. तासाभरानं वरून वायरलेस आला. ट्रक पोचला नाही. नेगी साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं. तिसऱ्या वळणावर रस्ता नव्हता, बर्फाचा ढीग होता.

"डोझर निकालो."

मी मशीनवर, बाकीचे फावडी घेऊन मागे. ढिगाला हात घातला तेव्हा आतून पत्र्यावर ठोकल्याचा आवाज आला. म्हणजे माणसं जिवंत होती. चार-पाच वेळा ब्लेड मारला असेल. बर्फात दडलेला दगड मशीनखाली आला आणि तेल थंड करणाऱ्या कूलरचा पाइप कापला गेला. मशीन ओढेना. खाली बघतो तर पांढऱ्या बर्फावर तेल पसरत चाललं होतं. मी इंजिन बंद केलं.

पाइप करीमनं जोडला. रबरी नळी, दोन क्लिपा, तार. पण तेल निम्म्यावर आलं होतं. जेरीकॅन ओतला तरी पुरत नव्हतं.

नेगी साहेबांनी विचारलं, "नब्बे डाल दें?"

"नहीं साहब."

"अंदर आदमी हैं, इंगळे."

"इसीलिए नहीं साहब. नब्बे डाला तो मशीन यहीं बैठ जाएगी. फिर फावड़े से शाम तक भी नहीं पहुँचेंगे."

"तो क्या डालें?"

करीम बोलला, पण साहेबांशी नाही, माझ्याशी.

"ब्लेड उचलाच्या हायड्रोलिक तेलाचे दोन कॅन हायेत न."

"ते पातळ हाये. गरम झालं का पानी होते त्याचं."

"मंग गरम होऊच नाई द्याचं."

"डोझर चालन अन् गरम नाई होनार? डोकं हाये का तुले?"

"हाये म्हणून तं सांगून राह्यलो. गर्मीचा काटा लालवर जायच्या आंधी थांबाचं. न्यूट्रल टाकाचं, इंजिन जरा पयवाचं, तेल कूलरमधून फिरू द्याचं. कूलरवर बर्फ थापाचा. थंड झालं का पुन्हा कापाचं. बर्फाची काय कमी हाये इथी?"

मला पटत नव्हतं. माझ्या मशीनमध्ये मी कधी दोन तेलं मिसळली नव्हती. पण आतला ठोकल्याचा आवाज चालूच होता. मी म्हटलं, ओत.

तसं काम सुरू झालं. कापायचं, काटा बघायचा, थांबायचं. थांबलं की आतल्या माणसांना वाटत असणार, सोडून गेले. नेगी साहेब फावड्याच्या दांड्यानं ट्रकच्या दिशेला ठोकायला लावायचे, म्हणजे त्यांना कळावं की आम्ही आहोत. दुसऱ्या दमात ट्रकचा मागचा फाळका दिसला. चारही जवान ओढून काढले. जिवंत. एकाचा खांदा निखळला होता. राहिली पुढची केबिन.

मी पुन्हा सीटवर चढायला लागलो. नेगी साहेबांनी माझा हात धरला, ग्लोव्ह काढला. बोटं पांढरी पडली होती.

"नीचे रह. करीम चलाएगा."

"मशीन मेरे नाम पर है साहब."

"और बोटं किसके नाम पर हैं?" साहेब पहिल्यांदाच मराठी शब्द बोलले होते. "ये ऑर्डर है."

ऑर्डर म्हटल्यावर विषय संपला. करीम चढला. त्यानं केबिनच्या दारापासून दोन हातांवर मशीन नेली आणि थांबला. काटा वर आला होता. न्यूट्रल टाकलं, इंजिन पळतं ठेवलं. दोघं जण कूलरवर बर्फ थापत होते, ते बाजूला झाले. उरलेलं फावड्यानं काढू म्हणून नेगी साहेबांनी माणसं केबिनकडे लावली.

मी खालून ओरडलो, "उतर बे, चाय घे."

"इंजिन चालू हाये. चालू मशीन सोडत नसतेत. इकडंच दे कोनाच्या तरी हाती."

नियम तोच होता आणि आजही तोच आहे. चालू मशीनवर ऑपरेटर सीटवर पाहिजे.

चहा घेऊन माणूस निघाला तेवढ्यात वरून आवाज आला. ढग गडगडल्यासारखा नाही, खडीनं भरलेली बैलगाडी रिकामी केल्यासारखा. नेगी साहेब ओरडले, "दीवार से लगो!" केबिनजवळची माणसं कड्याला चिकटली. ट्रक आणि कडा यांच्यामध्ये ती वाचली. डोझर उघड्यावर होता. बर्फ त्याच्यावर आला. टपाचा एक कोपरा तेवढा वर राहिला.

आम्ही खणलं. मी त्याच पांढऱ्या पडलेल्या हातांनी खणलं. करीम सीटवरच होता, एक हात लिव्हरवर. डॉक्टरनं नंतर सांगितलं, मानेवर मार बसला, फार वेळ गेला नसावा. केबिनमधला ड्रायव्हर जिवंत निघाला. त्याचा जोडीदार आधीच गेलेला होता.

माझ्या डाव्या हाताची दोन बोटं पुढे गेली. तेव्हा बँडेज बांधलेल्या हातांनी मी करीमला घरी आणलं. घाटातून खाली हेलिकॉप्टर, मग शेगावपर्यंत रेल्वे, पुढे फौजेच्या गाडीतून खामगाव, चिखली, साखरखेर्डा. गाव रस्त्यावर उभं होतं. सगळ्या जातीधर्माचं.

माती देऊन आल्यावर करीमचे वडील शेडजवळच्या बाजेवर बसले. मला समोर बसवलं. शेजारच्या कोणीतरी पेपरात वाचलं होतं की मशीन बिघडली होती. खालून चौकशीला आलेले एक साहेबही तेच म्हणाले होते. दोन तेलं मिसळली, मशीन जळून बंद पडली, म्हणून ऑपरेटर अडकला.

चाचांनी विचारलं, "बेटा, तेल कोनतं टाकलं होतं?"

मी सगळं सांगितलं. नव्वद नंबरचं, पाइपाचं, हायड्रोलिकचं. ते कारागीर होते, मधे बोलले नाहीत.

"लोक म्हणतेत माह्या पोरानं मशीन जायली."

"नाही चाचा. जळली नाही."

"तू उघडून पाह्यली?"

"नाही."

"मंग कशावरून सांगतो? न उघडता मी गिऱ्हाइकाच्या पंपाचं बी सांगत नाई."

परत जाताना मी एकच ठरवलं होतं, मशीन उघडायला लावायची.

चौकशीत मला उभं केलं तेव्हा मी म्हटलं, मशीन खोलिए, फिर लिखिए. साहेब म्हणाले, मशीन बर्फाखाली आहे, उन्हाळ्याशिवाय निघणार नाही. मी म्हटलं, मैं गर्मी तक रुकूँगा. नेगी साहेब माझ्या बाजूला उभे राहिले. म्हणाले, तेल मेरे हुकम से डला है, पहले मेरा नाम लिखो. मग चौकशीवाल्या साहेबांनीही लिहिणं थांबवलं. बोटं गेल्यामुळे माझी बदली खाली लागली होती. ती मी विनंती करून पुढे ढकलून घेतली. लोक म्हणाले, वेडा आहे. असेल.

बर्फ उतरला तेव्हा मशीन ओढून आणली. वर्कशॉपच्या माणसांनी ट्रान्समिशन खाली घेतलं. मी स्टुलावर बसून होतो, कोणाला हात लावू दिला नाही असं नाही, पण कोणाला घाईही करू दिली नाही. तेल काढलं. पातळ होतं, जळका वास नव्हता. मग प्लेटी एकेक करून कापडावर मांडल्या. निळी पडलेली एकही नाही. अस्तर उखडलेलं एकही नाही. वर्कशॉपच्या हवालदारानं दोनदा मोजल्या आणि विचारलं, "इस तेल पर किसने चलाया?"

मी नाव सांगितलं. गावही सांगितलं.

चौकशीवाल्या साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, मान हलवली, आणि आधीचं म्हणणं मागे घेतलं. ते चांगले होते. सगळे तसं करत नाहीत.

मशीन जुनी होती, पुढे ती मोडीत निघाली. तिच्या प्लेटींतली एक मी साहेबांची परवानगी काढून घेतली आणि सुट्टीत साखरखेर्ड्याला गेलो. चाचा एका पंपावर वाकले होते. मी प्लेट त्यांच्या हातात दिली. त्यांनी हात पुसले. उजेडाकडे धरली. कडेवरून, मग मधून अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंनी.

"एवढ्या पातळ तेलावर?"

"हो चाचा."

"जपून चालवली पोरानं."

एवढंच बोलले. मग घराकडे तोंड करून चाचींना हाक मारली.

"बाहर आओ. अपने करीम का काम देखो."