सोमलाचा परवाना

इतकी वर्षं लोटली, नोकरीतले कितीतरी गुन्हे विसरलो. पण ईट गावाजवळच्या एका खेड्यातलं ते प्रकरण मनातून जात नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या माणसांची नातवंडं आज तिथंच नांदत आहेत.

राज्य निजामाचं होतं. मी भूम भागात अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. ठाण्याचं दप्तर उर्दूत, लोकांची बोली मराठी, आणि आमचे जमादार दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरायचे. एका मंगळवारी सकाळी त्या खेड्याचा पोलीस पाटील घोड्यावरून ठाण्यात आला. एका शेतकऱ्याच्या घरात आदल्या दिवशी जेवणानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले होते. घरातली म्हातारी पहाटे दगावली. तिचा नवरा आणि धाकटा मुलगा दवाखान्यात होते. धडधाकट होती ती फक्त सून. तिचा नवरा, म्हणजे म्हातारीचा थोरला मुलगा, दोन वर्षांपूर्वी वारला होता.

"तिनंच घातलंय साहेब," पाटील म्हणाला. "भाकरी तिनं थापल्या, आन् ती एकटीच जेवली न्हाय."

रोजनाम्यात नोंद करून मी निघालो. उरलेल्या भाकरी आणि पिठाचा डबा पंचांसमोर सीलबंद केला. तपासणीसाठी ते हैदराबादला जाणार आणि उत्तर यायला महिना लागणार, हे ठरलेलंच. तोवर गावानं निकाल देऊन टाकला होता. सुनेला चावडीत बसवलं होतं, आणि बाहेर बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"काल जेवली का नाहीस?" मी विचारलं.

"सोमवार धरते म्या. मालक गेल्यापासनं."

"पिठात काय घातलंस?"

"पानी."

ती रडली नाही. जमादार माझ्या कानाशी म्हणाले, "मुरलेली दिसते साहेब." मला तसं वाटलं नाही. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो. ही बाई विचारलं तेवढंच सांगत होती. पण माझ्या वाटण्याला पुरावा नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला अटक करून ठाण्यात न्यायचं ठरलं.

बुधवारी सकाळी, तिला न्यायच्या आधीच, शेजारची एक म्हातारी चावडीच्या पायरीशी येऊन बसली. "अमीनसाब," ती म्हणाली, "त्या घरच्या तीन कोंबड्या शनिवारीच मेल्या. कोंबड्यास्नी कोन भाकरी घालतंय?"

"मग काय खाल्लं होतं त्यांनी?"

"कणगी उघडली व्हती. खाली सांडलेली जवारी टिपीत व्हत्या."

मी तसाच त्या घरी गेलो. कणगीतली ज्वारी घोंगडीवर ओतली. दाण्यांना राखेसारखं काहीतरी लागलेलं होतं आणि तळाशी पांढरट भुकटीचा थर होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यातली चिमूट निखाऱ्यावर टाकली. लसणासारखा वास सुटला. "सोमल," ते म्हणाले. "एवढ्यानं दहा माणसं जातील."

विष पिठात कालवलेलं नव्हतं, आधीच दाण्यात होतं; सोमवारच्या भाकरी त्या कणगीतल्या पहिल्याच दळणाच्या होत्या. मग ते दाण्यात घातलं कुणी? मी सासऱ्याच्या खाटेशी बसलो. म्हातारा शुद्धीवर होता.

"कणगीत काय टाकलं होतं, बाबा?"

"म्याच टाकली ती पुडी. किडा लई झाला व्हता. ईटच्या बाजारात घेतली. तो म्हनला, सरकारी परवान्याचा माल हाय, दाण्याला टाका, कायबी व्हत न्हाय."

"सुनेवर आळ आला. तुम्ही बोलला का नाहीत?"

"बायकू म्या मारली, हे कोन्या तोंडानं सांगू साहेब?"

सुनेला मी त्याच दुपारी सोडलं. पण खरी काळजी आता सुरू झाली. अशा पुड्या आणखी किती घरांत गेल्या असतील?

बाजाराच्या दिवशी साध्या कपड्यांत जाऊन आम्ही तो पुडीवाला धरला. फिरता विक्रेता, बोलायला गोड. त्यानं कानांवर हात ठेवले. "मी सोमल विकतच नाही, साहेब. मी राख विकतो."

त्या काळी सोमल विकायला तालुकदार साहेबांचा, म्हणजे आजच्या कलेक्टरांचा, परवाना लागे. आमच्या भागात तो एकाच दुकानदाराकडं होता. वाळवीसाठी, उंदरांसाठी, कातडी टिकवण्यासाठी लोक सोमल नेत. घेणाऱ्याचं नाव, गाव, कारण आणि वजन रजिस्टरात लिहून त्याचा अंगठा घ्यायचा, असा नियम. शिवाय घेणारा दुकानदाराच्या ओळखीचा हवा. मी रजिस्टर मागवलं. एकही रकाना रिकामा नव्हता. गेल्या दोन महिन्यांत तेरा जणांनी सोमल नेला होता. तेरा गावं, तेरा नावं.

जमादारांनी भिंग लावलं आणि थोड्या वेळानं मान वर केली. "साहेब, या तेरा माणसांना एकच अंगठा आहे."

प्रत्येक ठशात तिरकी रेघ होती, जुन्या जखमेची. मी पुडीवाल्याचा उजवा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. तीच रेघ.

दुकानदार मात्र ताठ उभा होता. "मी नियमानं सगळं लिहिलंय, साहेब. तपासणीची तुमचीबी सही हाय." त्यानं पान उलटून दाखवलं. खाली खरंच माझी सही होती. मागच्या महिन्यात मीच रकाने मोजून ती केली होती.

पुडीवाल्यावर हात टाकावा असं जमादारांना वाटत होतं. मी नको म्हटलं. त्याच्यासमोर बसून सांगितलं, "एक म्हातारी मेली. दुसऱ्या घरात आणखी कुणी मेलं तर तेही तुझ्यावर येईल. आज गावं सांगितलीस तर ती माणसं वाचतील."

तो खाली बसला. "किड्याला मारतंय एवढंच ठाऊक होतं मला. राख मिसळली की माणसाला काय होत नाही, असं वाटलं." मग त्यानं गावं सांगायला सुरुवात केली.

पुढचे चार दिवस आम्ही घोड्यांवरच होतो. गावोगाव दवंडी दिली, पुड्या गोळा केल्या, पुडी लावलेले दाणे खड्ड्यात पुरले. एका घरात बाईनं ज्वारी जात्याशी आणून ठेवली होती. आणखी कुणी दगावलं नाही. पुडीवाल्याला शिक्षा झाली, दुकानाचा परवाना गेला.

चावडीवर सगळ्या गावासमोर मी सून निर्दोष असल्याचं वाचून दाखवलं. तरी दवाखान्यातून आलेला दीर तिच्या हातचं खाईना. मग मीच त्यांच्या ओसरीवर बसलो आणि तिला म्हणालो, "बाई, भाकरी वाढ." दीर दारात उभा राहून बघत होता. मी दुसरी मागितली, तेव्हा तोही येऊन बसला.

आज पिकावरच्या औषधांची सरकारात नोंदणी होते, डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे रंगीत त्रिकोण असतो, विक्रेत्याला परवाना लागतो. हे सारं हवंच. आमच्या वेळी परवान्याशिवाय यातलं आणखी थोडं जरी असतं, तर ती म्हातारी कदाचित जगली असती. पण परवान्याचा नियम असूनही ते प्रकरण घडलं, कारण मी कागद तपासला आणि माणूस तपासला नाही. ती चूक माझी होती, आणि त्याबद्दल मला कुणी जाबही विचारला नाही.

त्यानंतर जिथं बदली झाली, तिथं विषाचं रजिस्टर पाहिलं की त्यातली दोन-तीन नावं उतरून घ्यायचो आणि त्या घरी जायचो. एकदा एक शेतकरी औत सोडून धावत आला. पोलीस बघून घाबरला होता.

"काय गुन्हा झाला साहेब माझ्याकडून?"

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही आहात का, तेवढं बघायला आलो."