मशीन लावतोय, फोन आणा!

जेवणाचं आवतण द्यावं तसं नाना लोकांना मोबाईल चार्ज करायला बोलवत. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावरचं ऊन कललं की ते आमच्या बोटीच्या टोकाला उभे राहत, दोन्ही हात तोंडाशी धरत आणि काठावरच्या वस्तीकडे ओरडत, “मशीन लावतोय! फोन आणा रे!”

ही बोट म्हणजे माझा धंदा. शहरातली कुटुंबं सुट्टीला तिच्यावर मुक्कामाला येतात. एरवी ती काठाला बांधलेली असते, आणि तेव्हा तिच्यावर एकटे नाना. ओझरच्या कारखान्यातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा पिंपळगावला. “घरात भिंतींशी काय बोलू?” म्हणत ते माझ्याकडे राहायला आले. काम एवढंच, की बोटीच्या तळातला डिझेल जनरेटर रोज चालवायचा आणि बॅटऱ्या भरून ठेवायच्या. दिवे, पंखे, पाण्याची मोटर, सगळं त्या बॅटऱ्यांवर चालायचं.

बॅटऱ्यांना ते जनावरांसारखं जपत. झाकणं उघडून पाणी बघत, बाजूला हात लावून ताप बघत. “गाय आन बॅटरी उपाशी झोपवू नाय,” म्हणत. “रिकामी पडून राहिली ना, की परत भरत नाय. मग कितीबी लाव मशीन.”

वस्तीवर वीज यायची, पण तिचा भरवसा नसायचा. त्यामुळे नानांची हाक आली की बायामाणसं फोन घेऊन बोटीवर येत. वायरींच्या गुंत्याभोवती बसून गप्पा चालत. जिजाबाईचा मुलगा द्राक्षाच्या कामाला गेलेला. त्याचा फोन येईल म्हणून तिला बॅटरी संपलेली चालत नसे. नाना तिला चिडवत, “जिजे, तुझा फोन पितो लय, बोलतो कमी.”

“आन तुमचा, नाना? तो तर कायम भरलेला. कोण लावतंच नाय तुम्हाला!”

सगळे हसले होते. नानाही हसले. मीही.

पाहुण्यांना जनरेटरचा धडधडाट आणि धूर नको असायचा. म्हणून मी गच्चीवर सोलर पॅनेल बसवले. नानांना म्हणालो, “आता आराम करा. बॅटरी उतरली तरच जनरेटर लावायचा.” त्यांना सुख दिलं, अशीच माझी समजूत होती. त्यांनी एवढंच विचारलं, “आन वस्तीवाले?”

“त्यांचं ते बघतील, नाना.”

पण बॅटऱ्या रोज उतरायला लागल्या. भर उन्हाळ्यात! जनरेटर पुन्हा रोज लागू लागला, आणि त्याबरोबर नानांची हाकही. शेवटी मी सोलरवाल्या माणसाला बोलावलं. तो गच्चीवर जाऊन आला आणि कसंनुसं हसत म्हणाला, “साहेब, पॅनेल चांगले आहेत. त्यांच्यावर चादरी वाळत घातल्यात.”

पाहुण्यांच्या चादरी. नीट ताणून, कडांना दगड ठेवून.

“नाना, हे काय?”

“ऊन तिथंच चांगलं लागतं, शेठ.”

तोवर एक बॅटरी कायमची गेली होती. मी चिडून म्हणालो, “उपाशी राहून मेली ती. तुम्हाला कळत नव्हतं?”

“कळत होतं,” ते म्हणाले.

हे उत्तर ऐकून मी त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं. ज्यानं कधी बॅटरी उपाशी झोपवली नाही, त्यानं जाणूनबुजून तिला मारलं होतं. कशासाठी, ते विचारायला हवं होतं. खरं तर विचारण्याचीही गरज नव्हती. मी एवढंच बोललो, “जनरेटर काढूनच टाकतो, म्हणजे कटकट मिटली.”

जनरेटर उचलायला माणसं आली त्या दिवशी नानांनी स्वतः त्याचे नट सैल करून दिले. मग पिशवी भरली. मी थांबवलं तर म्हणाले, “मशीन गेलं. मी काय राखू आता?”

गेल्या महिन्यात पिंपळगावला त्यांच्या मुलाकडे गेलो. त्यांना परत आणायचंच, असं ठरवून गेलो होतो. हायवेलगत नवं घर. मुलगा, सून, नातवंडं, सगळे आपापल्या खोलीत; दारं लावलेली. नाना पडवीत खुर्चीवर बसलेले. मला बघून उठले आणि हात धरूनच राहिले.

“चला ना बोटीवर.”

“मशीन हाय?”

“विकलं, नाना. दुसरं आणू.”

त्यांनी मान हलवली. “नको. मला एकट्याला परत न्यायला नवं मशीन कशाला?” मग वस्तीतल्या एकेकाची चौकशी केली. जिजाबाईचा मुलगा आला का, हेही विचारलं. मला माहीत नव्हतं. नाना गेल्यापासून वस्तीतलं कुणी बोटीवर आलंच नव्हतं.

निघताना मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “इथं बरं आहे ना सगळं?”

नाना बंद दारांकडे बघत होते. दुखणं सांगावं तसं हळूच म्हणाले, “इथं लाईट जातच नाय रे.”