तिची केमिस्ट्रीची पुस्तकं
ओल्या लोकरी हातमोज्यांचा वास आला की मला कॅनडात मिल्टनमधलं आमचं भाड्याचं बेसमेंट आठवतं. मी आणि माझ्या रूममेटने फिजिशियन असिस्टंटच्या, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासण्याच्या, कोर्सला एकदमच अप्लाय केलं होतं. तिचे मार्क उत्तम होते, माझे केमिस्ट्रीत जेमतेम. त्या दुपारी ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढून आम्ही आत आलो, हातमोजे हीटरवर वाळत घातले आणि तिने फोन बघितला. तिला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं. मला सकाळीच नकार आला होता, पण मी तो लपवला होता. "अभिनंदन," म्हणत मी हीटरवरचे हातमोजे उगाच उलटेपालटे केले. "तुला नाही ना आलं?" तिने हळूच विचारलं आणि आपली केमिस्ट्रीची पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. "केमिस्ट्रीचा कोर्स रिपीट कर ना. जमेल तुला." तिच्या यशापेक्षा हा समजूतदारपणाच मला जास्त झोंबला. तरी हिवाळाभर समासातल्या तिच्या सुबक अक्षरावर चडफडत मी तीच पुस्तकं वाचली, चांगले मार्क मिळवले आणि पुढच्या खेपेला मलाही प्रवेश मिळाला. आता मी व्हिटबीच्या एका क्लिनिकमध्ये पेशंट तपासते, पण कुणी तिचं कौतुक केलं की माझ्या चेहऱ्यावर हसू अजूनही जरा उशिराच येतं.