तार आत असताना

जपानमधल्या साकाई शहरात सुऱ्यांना धार लावणारे कामेझाकी शिगेओ फिट येऊ लागल्यापासून धारेच्या चाकावर बसले नव्हते. मालकाने त्यांना खोकी बांधायला लावलं होतं. फिट मेंदूत नेमकी कुठून उठते ते कळलं, तर शस्त्रक्रिया होऊन चाक परत मिळणार होतं.

ओसाकात डॉक्टर निशिओजीबाईंनी कवटी न उघडता, मानेतल्या शिरेतून बारीक तार त्यांच्या मेंदूपर्यंत नेली. फिटची जागा टिपायला तार आत असतानाच फिट यायला हवी, म्हणून औषध बंद केलं होतं. पण तारेला जोडलेल्या पडद्यावर मेंदूच्या रेषा दिवसभर शांत राहिल्या. संध्याकाळी शीर सुजू लागली, तशी तार काढावी लागली.

"फिटसुद्धा हट्टी निघाली तुमची," डॉक्टर म्हणाल्या.

शिगेओंनी मान खाली घातली. "माफ करा. सकाळी मी फिटची गोळी घेतली. घरून आणलेली."

"का पण?" डॉक्टरांनी विचारलं.

"नर्स नवीन आहे. फिटमध्ये मी लाथा झाडतो, कपडे खराब करतो. तिला कशाला त्रास?"

"अहो, ती त्यासाठीच आहे ना इथे," बायको फुमिए म्हणाली. "माझ्या कमरेत लाथा घालताना नाही कधी एवढा विचार केलात."

शिगेओंनी विचारलं, "पुन्हा करता येईल ना?"

"या सुजलेल्या शिरेतून नाही. तिथवर जाणारी दुसरी शीर तुमच्या मेंदूत नाही, आणि जागा माहीत नसताना कवटी उघडता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

त्या महिन्यात मालकाने चाकावर दुसरा माणूस कायमचा नेमला. शिगेओंनी आपले धारेचे दगड पुसून स्वतःच त्याला नेऊन दिले.