वॉर्म म्हणजे गरम

बाळंतपणाला ढोकीला माहेरी आले, तेव्हा पहिलं भांडण मी बैठकीतल्या फोकसशी केलं. दिवाणाच्या वर, भिंतीवर, मान वळवता येणारे दोन हॅलोजनचे फोकस होते. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, घर बांधताना हौसेनं बसवलेले. पण असे तापायचे की जवळ बोट न्यायची सोय नाही. तान्हं लेकरू येणार आणि डोक्यावर हे निखारे? मी जाहीर केलं, एलईडी आणा, नाहीतर मी चालले सासरी.

आईनं हातातली सुई खाली ठेवली. थंडीत तिची बोटं आखडायची. रोज संध्याकाळी ती फोकसची मान खाली वळवून हात शेकायची आणि मगच सुई धरायची. माझ्या बाळासाठी ती जुन्या लुगड्यांचं दुपटं शिवत होती. अर्धंच झालं होतं.

"मग चुलीपुढं शेक की," मी फणकारले.

"तिथं सुईत दोरा दिसत न्हाय गं," ती म्हणाली. "हे काढलं तर दुपटं काय पुरं व्हत न्हाय बघ."

आण्णा हे सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. जुन्याच होल्डरमध्ये बसतील आणि उजेड पसरट पडेल, असे बल्ब मी निवडले. दुकानदारानं विचारलं, "वॉर्म देऊ का कूल?"

आण्णांचा चेहरा एकदम खुलला. "वॉर्म! हिला वॉर्मच पायजे. अन् उन्हाळ्यासाठी दोन कूल बी बांधा."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. वॉर्म हे पिवळसर उजेडाचं नाव, त्याचा उबेशी काही संबंध नाही. पण आण्णांनी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं. वॉर्म म्हणजे गरम, यावर त्यांच्याशी वाद कोण घालणार? शिवाय इतक्या मायेनं बल्ब घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. माझी जीभच उचलली नाही.

संध्याकाळी त्यांनी स्वतः बल्ब बसवले. आईनं सवयीनं फोकसची मान खाली वळवली, हात पुढं धरले. आण्णा समोर उभेच.

"येती का ऊब?"

आईनं आधी हाताकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "व्हय की. लई चांगली येती."

पुढं रोज हेच. ती त्या थंड उजेडापुढं हात धरायची, आण्णा समाधानानं पेपर उघडायचे, आणि ती कशीबशी सुई चालवायची. टाके लांब पडायला लागले. सुई सारखी हातातून निसटायची. मला दोघांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

एका संध्याकाळी सुई पुन्हा खाली पडली. आण्णांनी ती उचलून दिली आणि सहज आपला हात फोकसपुढं धरला. धरूनच राहिले. मग आईशेजारी दिवाणावर बसले. आमच्यादेखत त्यांनी कधी तिच्या हाताला हात लावला नव्हता. त्या दिवशी मात्र तिचे दोन्ही हात स्वतःच्या तळव्यांत घेतले आणि एकेक बोट चोळायला लागले.

"अहो, पोरगी बघायलीय," आई पुटपुटली.

"बघू दे. वॉर्म हाय का, तेवढं सांग."

"हाय," आई म्हणाली, आणि तिनं हात काढून घेतले नाहीत.

त्यानंतर रोज आधी बोटं चोळून व्हायची, मगच सुई. माझी लेक त्याच दुपट्यात झोपते. त्यातले लांब टाके मी कुणाला उसवू देत नाही.