किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्यात दिसलेला माणूस

समुद्र मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पाहिला तो नांदुऱ्यात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. कोकणातल्या एका किनाऱ्यावर खांबांना कॅमेरे लावले होते. काही हललं की चित्र आमच्याकडे यायचं. रेती नेणारा, कचरा टाकणारा दिसला की लाल खूण करायची. ती तिथल्या कार्यालयात पोचायची. वरवट बकालहून बसनं येऊन मी हे काम करायचो.

एका सकाळी एक म्हातारा दिसला. कॅमेऱ्याकडे पाठ करून रेती उकरत होता. मग त्यानं खड्डा बुजवला, बादली उचलली आणि झाडाची फांदी ओढत सगळ्या खुणा पुसल्या. मला पुढचं पाहायची गरजच वाटली नाही. तरणेपणी पूर्णा नदीच्या पात्रात चोरून रेती नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या मीही अशाच पुसल्या होत्या.

शेजारी बसणारा सोबती म्हणाला, "काऊन खूण करून राह्यला बे?"

"चोर हाय."

"त्याच्या कपाळावर लेहेलं हाय काय?"

"खड्डा बुजवून राह्यला न. सरळ माणूस कायले बुजवीन?"

"मंग मी वावरात झाड लावतो, तवा मीबी चोरच."

तो हसला. मी नाही.

दुपारी किनाऱ्यावरच्या कार्यालयातून साहेबांचा फोन आला. "अहो, तो आमचाच राखणदार आहे. कासवांची अंडी ओल्या वाळूसकट कुंपणात नेऊन पुरतो. पण तो वाळू विकतो, अशीही कुजबुज आहे. बादलीत नुसती वाळू होती का? तुम्ही नीट पाहिलंत?"

बादलीच्या आत काय आहे, ते मला दिसलंच नव्हतं. मी म्हणालो, "हो, पाहिलं. नुसती रेतीच होती."

काऊन म्हणालो? एकदा खूण चुकली, तर पुढे माझ्या नजरेवर कोण भरवसा ठेवील, ही भीती होती. शिवाय कासवांचं ते सांगणं मला बनावच वाटलं. चोराजवळ कारण तयार असतंच, माझ्याजवळही असायचं.

म्हाताऱ्याला कामावरून काढलं. त्यानंतर किनाऱ्यावर कोणी फिरकेना. मग एका चित्रात कुत्री आली. रेती उकरून पांढरं, गोल काहीतरी खात होती. सोबत्यानं वाकून पाहिलं. "अंडी हायेत बे," एवढंच बोलून तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

तरी मी आणखी काही दिवस गप्प राहिलो. शेवटी फोन केला आणि बादलीत काय होतं ते मला दिसलं नव्हतं, हे सांगितलं.

साहेब म्हणाले, "त्याला परत बोलावतो. पण या वर्षीची अंडी बहुतेक गेली."

"त्यायले सांगा, खोटं मी बोललो म्हणून. माझं नावही सांगा."

"नावाची काही गरज नाही," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.